सीताबर्डीतील एक प्लेसमेंट सेवा: जागा किती दिवसांत भरते, आणि ते दिवस कुठून मोजायचे

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कारखान्यात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहतो. गेल्या वर्षभरात आम्ही सीताबर्डीतील एका खासगी प्लेसमेंट सेवेकडे सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर, मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, डिस्पॅच क्लार्क आणि हेल्पर अशा चार प्रकारच्या जागांची मागणी नोंदवली होती, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण बर्डी, धरमपेठ आणि हिंगणा मार्गावर याच पद्धतीने चालणारी अनेक कार्यालये आहेत आणि येथे मांडलेले बहुतेक मुद्दे त्यांपैकी कुणाशीही करार करताना उपयोगी पडतील. निर्णय आधीच सांगतो: कुशल कामगाराच्या जागेसाठी ही सेवा जरूर घ्यावी, हेल्परच्या जागेसाठी घेऊ नये, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘सात दिवसांत जागा भरून देऊ’ या वाक्याच्या भरवशावर उत्पादनाचे वेळापत्रक कधीही आखू नये.

हे वाक्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. त्याचा नेमका अर्थ मी त्यांच्या कार्यालयात बसून विचारून घेतला. आपण मागणीपत्रावर सही करून नोंदणी शुल्क भरले की त्यांची मोजणी सुरू होते आणि उमेदवाराने ऑफर लेटर स्वीकारले की ती थांबते. कारखान्याची मोजणी मात्र आधीचा माणूस काम सोडून गेला त्या दिवसापासून सुरू झालेली असते आणि नवा माणूस आपल्या पाळीत कुणाच्या मदतीशिवाय मशीन सांभाळू लागेपर्यंत ती चालूच राहते. मधल्या काळात मशीन एक तर बंद असते, नाही तर उरलेल्यांना ओव्हरटाइम देऊन चालवावी लागते, आणि ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. म्हणजे त्यांच्या सात दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे जो काळ जातो, तोच आपल्याला महाग पडतो.

दुसरा प्रश्न सरासरीचा. ‘आमची सरासरी सात दिवसांची आहे’ असे जेव्हा कुणी सांगते, तेव्हा ती सरासरी भरलेल्या जागांचीच काढलेली असते. ज्या जागा अजून रिकाम्या आहेत आणि ज्या कंटाळून मालकाने मागे घेतल्या, त्या हिशेबात येतच नाहीत. आणि नेमक्या त्याच सर्वांत जास्त दिवस रेंगाळलेल्या असतात. त्यामुळे अवघड जागा जितक्या जास्त अडून राहतील तितकी भरलेल्या जागांची सरासरी अधिक देखणी दिसत जाते. मी त्यांच्याकडे भरलेल्या आणि न भरलेल्या अशा सर्व मागण्यांची तारखांसह यादी मागितली. पहिल्या भेटीत त्यांनी ती टाळली. पण त्यांच्या व्यवस्थापिकेने नंतर कंपन्यांची नावे झाकून ती दाखवली, आणि हा प्रामाणिकपणा मला पुढचा करार करण्याइतका महत्त्वाचा वाटला. त्या यादीत अकाउंट्स आणि डिस्पॅचच्या जागा खरोखरच आठवडाभरात मार्गी लागलेल्या होत्या, तर टूल रूम आणि मेंटेनन्सच्या जागा महिनोन्‌महिने तशाच होत्या. या दोहोंची एकत्र सरासरी काढून कुणालाच काही कळत नाही.

या विषयाचे सर्वांत शिस्तीत झालेले मोजमाप अमेरिकेतले आहे, आणि त्यातली एक साधी रीत कोणत्याही कारखान्याला वापरता येते. तेथील ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स ही संस्था डिसेंबर 2000 पासून दरमहा आस्थापनांना विचारते की महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी तुमच्याकडे किती जागा रिकाम्या होत्या आणि त्या संपूर्ण महिन्यात तुम्ही किती माणसे घेतली. जागा रिकामी म्हणून धरण्याच्या अटी कडक आहेत: विशिष्ट पद अस्तित्वात हवे, काम 30 दिवसांच्या आत सुरू होऊ शकले पाहिजे, आणि मालकाने बाहेरून माणूस मिळवण्यासाठी प्रत्यक्ष खटपट चालू ठेवलेली हवी. कुणी चांगला आला तर पाहू, अशा विचाराने नुसती लटकत ठेवलेली जाहिरात त्यात बसत नाही. रिकाम्या जागांची संख्या आणि रोज होणाऱ्या भरतीची संख्या एवढे दोन आकडे हाती असले की पहिल्याला दुसऱ्याने भागून एक जागा सरासरी किती दिवस रिकामी राहते याचा बऱ्यापैकी अंदाज निघतो. समजा एखाद्या कारखान्यात कोणत्याही दिवशी साधारण 12 जागा रिकाम्या असतात आणि 25 कामाच्या दिवसांत 10 माणसे घेतली जातात. तर रोजची भरती 0.4 झाली आणि 12 भागिले 0.4 म्हणजे 30 कामाचे दिवस, हा त्या कारखान्याचा खरा काळ. प्रत्येक जागेचा वेगळा इतिहास ठेवलेला नसला तरी हजेरीपुस्तक आणि मंजूर पदांचा तक्ता यांवरून हे गणित मांडता येते.

डेव्हिस, फॅबरमन आणि हॉल्टिवांगर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी याच आकडेवारीवर काम करून 2013 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात जागा भरण्याचा रोजचा दर सुमारे 5 टक्के, म्हणजे सरासरी काळ सुमारे 20 दिवस निघाला होता. बांधकामातल्या जागा त्यापेक्षा कितीतरी लवकर भरत होत्या, तर आरोग्यसेवा आणि सरकारी नोकरीतल्या जागा बऱ्याच उशिरा. त्याच पद्धतीने पुढे दरमहा काढल्या गेलेल्या निर्देशांकात हा काळ 2009 च्या मंदीत सुमारे 15 कामाच्या दिवसांपर्यंत खाली आला होता आणि 2014 पर्यंत तो सुमारे 25 दिवसांवर गेला. बेकारी वाढली की दारात उमेदवार जास्त येतात आणि जागा लवकर भरते. रोजगार सुधारला की उमेदवारालाही चार ठिकाणी विचारणा असते आणि मालकाला थांबावे लागते. म्हणून एखाद्या सेवेने आपला वेग सांगितला तर तो कोणत्या काळातला हेही विचारायला हवे. मंदीत मिळवलेला वेग तेजीत टिकत नाही, आणि त्याचे श्रेयही पूर्णपणे सेवेचे नसते.

आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे पीएलएफएस हे रोजगार-बेरोजगारीचे सर्वेक्षण 2017 पासून होते, पण ते घरोघरी जाऊन माणसांना विचारते. किती जण काम शोधत आहेत ते त्यातून कळते, किती जागा किती दिवस माणूस शोधत आहेत ते कळत नाही. नागपुरात तर एकाच आठवड्यात बेरोजगारीवरची आणि ‘कुशल कामगार मिळत नाही’ या उद्योजकांच्या तक्रारीवरची बातमी शेजारी शेजारी छापून येते आणि दोन्ही खऱ्या असतात. अर्ज भरपूर आले म्हणजे जागा लवकर भरते हे समीकरणही तपासून घेण्यासारखे आहे. राज्यातील तलाठी भरतीची जाहिरात जून 2023 मध्ये निघाली, साडेचार हजारांहून थोड्या अधिक पदांसाठी 10 लाखांवर अर्ज आले, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली आणि गुणवत्ता यादी पाहायला जानेवारी 2024 उजाडले. उमेदवारांचा तुटवडा तेथे मुळीच नव्हता. वेळ गेला तो निवडण्यात. खासगी कारखान्याचे प्रमाण वेगळे असले तरी शोधण्याचा वेळ आणि निवडण्याचा वेळ हे दोन स्वतंत्र भाग आहेत, आणि प्लेसमेंट सेवा त्यांपैकी पहिलाच भाग कमी करू शकते.

तो पहिला भाग या सेवेने कसा हाताळला ते सीएनसी ऑपरेटरच्या जागेवरून चांगले दिसते. पहिल्या फेरीत त्यांनी जे उमेदवार पाठवले त्या सगळ्यांच्या बायोडाटावर ऑपरेटर म्हणून तीन-चार वर्षांचा अनुभव होता. प्रत्यक्ष मशीनवर उभे केल्यावर कळले की त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधीच्या कंपनीत पार्ट लावणे, बटण दाबणे आणि पार्ट काढणे एवढेच केले होते. टूल लावणे, ऑफसेट (मापातल्या फरकाची दुरुस्ती) देणे आणि पहिला पीस पास करणे हे काम तेथे सेटर करत असे. त्यात त्या मुलांचा काही दोष नव्हता, त्यांना ज्या पदावर ठेवले होते तेच त्यांनी लिहिले होते. मी हे सेवेला कळवले तेव्हा त्यांचा प्रतिनिधी दुसऱ्याच दिवशी शॉप फ्लोअरवर आला, मशीनचा कंट्रोल कोणता, जॉब कोणता, एका पाळीत किती वेळा सेटिंग बदलते, हे सगळे त्याने फोरमनकडून लिहून घेतले, आणि मागणीपत्रावर ‘ऑपरेटर’ खोडून ‘सेटर-ऑपरेटर’ केले. खरे तर हे काम मागणी नोंदवतानाच व्हायला हवे होते, आणि पहिली फेरी त्यामुळे वाया गेली. पण शॉप फ्लोअरवर येऊन मशीन पाहून जाणारी प्लेसमेंट सेवा माझ्या नोकरीच्या काळात मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसऱ्या फेरीतला जो मुलगा शेवटी निवडला, त्याची ट्रायल मी फोरमनशेजारी उभा राहून पाहिली. त्याला पायऱ्यांचा शाफ्ट करायला दिला होता. त्याने आधी जॉब पकडणाऱ्या चकचा हायड्रॉलिक दाब पाहिला, मग मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे पुसून तो शून्यावर बसतो की नाही ते तपासले, आणि त्यानंतरच ड्रॉइंग हातात घेतले. पहिला पीस त्याने मुद्दाम किंचित जाड काढला. 25 मिलिमीटरच्या व्यासावर 0.04 जास्त निघाले. त्याने एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये तेवढेच उणे टाकले आणि फिनिशिंगचा कट पुन्हा घेतला. फोरमनने तेथेच मान हलवली. ही ट्रायल तासाभरात आटोपली, आणि बायोडाटा, फोनवरची मुलाखत व कार्यालयातली मुलाखत या सगळ्यांतून जे कळले नव्हते ते तिने सांगितले. ज्या कारखान्यांत तीन-तीन फेऱ्यांच्या मुलाखती होतात आणि प्रत्येक फेरीसाठी साहेबांची वेळ मिळायला आठवडा जातो, त्यांनी मशीनवरची ट्रायल सर्वांत आधी ठेवली तर जागा भरण्याचा काळ निम्म्याने नाही तरी बराच खाली येईल असे मला वाटते.

निवड झाल्यानंतरचा काळ मात्र सेवेच्या हातात नव्हता. मुलगा बुटीबोरीतल्या कंपनीत कामाला होता. एक महिन्याची नोटीस देणे त्याला भाग होते, आणि नोटीस न देता निघून ये असे त्याला सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण असा माणूस उद्या आपल्याकडूनही तसाच जाईल आणि रिलीव्हिंग लेटर अडकल्याचा त्रास त्याला होईल तो वेगळाच. त्याने मला विचारलेले प्रश्न मात्र दोनच होते: ‘सर, ओटी (ओव्हरटाइम) भेटते का? अन् बस पारडीकडून येते का?’ पारडीहून हिंगणा एमआयडीसी म्हणजे शहराचे एक टोक आणि दुसरे टोक. दिवसा प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर मेट्रोने येता येते, पण दुसरी पाळी रात्री 11 वाजता सुटते तेव्हा मेट्रो नसते. आमची बस त्या बाजूला जात नव्हती. शेवटी त्याला पहिल्या महिन्यांत दिवसपाळी देण्याचे ठरले तेव्हाच त्याने होकार दिला. पगारावर त्याने फारशी घासाघीस केली नाही, आणि नागपुरातल्या कितीतरी ऑफर याच ठिकाणी, म्हणजे येण्याजाण्याच्या सोयीवर, फसतात असे सेवेच्या यादीतही दिसत होते. माझी सूचना अशी की मागणीपत्रात पाळ्यांच्या वेळा आणि बसचा मार्ग हे दोन रकाने पगाराच्या रकान्याइतकेच ठळक असावेत. सेवेने ही सूचना मान्य केली आहे.

डिस्पॅच क्लार्कच्या जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांनी जे चार उमेदवार पाठवले त्यांतले दोघे योग्य होते, एकाला ई-वे बिल आणि टॅलीचे काम येत होते, तो लगेच मोकळा होता आणि आठवडाभरात रुजू झाला. येथे त्यांचा दावा अक्षरशः खरा ठरला.

हेल्परच्या जागांसाठी मात्र या सेवेचा काहीही उपयोग झाला नाही, आणि त्यामागचे कारण सेवेच्या कार्यक्षमतेत नाही. हेल्पर कारखान्याच्या गेटवर मिळतो. छिंदवाडा, बालाघाट, भंडारा, गोंदिया या भागांतून आलेली माणसे आधीच आत काम करत असतात. कुणी एक जण जाणार असे दिसले की त्याच्याच खोलीतला किंवा गावातला दुसरा येऊन सुपरवायझरला सांगतो, ‘आमच्या गावचा एक पोरगा आहे, आणू का सर?’ जागा कागदावर रिकामी होण्याआधीच भरलेली असते. वर उल्लेखिलेल्या निबंधात असे आढळले होते की एखाद्या महिन्यात होणाऱ्या एकूण भरतीपैकी सुमारे 42 टक्के भरती अशा आस्थापनांत होते ज्यांनी आधीच्या महिन्याअखेरीस एकही रिकामी जागा नोंदवलेली नसते. अमेरिकेतील कारणे अर्थातच वेगळी असणार, पण महिन्याच्या शेवटी घेतलेल्या नोंदीत न सापडता भरून जाणाऱ्या जागा केवढ्या असतात ते यावरून कळते, आणि आमच्या गेटवर मी ते रोज पाहतो. या जागांना जो काळ लागतो तो ऋतूवर ठरतो: भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी सुरू झाली की माणसे गावी जातात आणि दिवाळीचा बोनस हाती पडल्यावर काही जण परत येत नाहीत. त्या दिवसांत कोणत्याही सेवेला शुल्क देऊन उपयोग नाही. रोवणीच्या आधी पाळ्यांची फेररचना करून ठेवणे हाच उपाय आहे.

शुल्काची पद्धत या धंद्यात जी रूढ आहे तीच येथे आहे: वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, अधिक 18 टक्के जीएसटी. वर्षाला 2,40,000 रुपये पगार असेल तर सुमारे 20,000 रुपये शुल्क आणि 3,600 रुपये जीएसटी. ही रक्कम मालकांना जास्त वाटते, आणि कागदावर ती आहेच. परंतु तिची तुलना रिकाम्या जागेच्या रोजच्या खर्चाशी करायला हवी. ज्या मशीनचे उत्पादन पुढच्या तीन मशीनना लागते, तेथे ऑपरेटर नसला की ओव्हरटाइम, उशिरा गेलेला माल आणि ग्राहकाने कापलेली रक्कम हे सगळे त्यात धरावे लागते. अशा जागेवर दोन आठवडे वाचले तरी शुल्क वसूल होते. डिस्पॅच क्लार्कच्या जागेवर तसे म्हणता येत नाही, कारण ते काम काही दिवस इतरांत वाटून घेता येते. म्हणून सर्व पदांना एकच टक्केवारी लावण्याऐवजी पदागणिक वेगळा दर ठरवून घ्यावा. आम्ही अर्धे शुल्क रुजू झाल्यावर आणि अर्धे तीन महिने पूर्ण झाल्यावर, अशी विभागणी मागितली आणि ती मिळाली. नोंदणी शुल्क परत मिळत नाही, हे मात्र सही करण्याआधी कुणी सांगत नाही; ते पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे, आणि ही गोष्ट मला आवडली नाही.

रिप्लेसमेंटची अट 90 दिवसांची आहे. त्या मुदतीत माणूस सोडून गेला तर दुसरा विनाशुल्क देतात. ही अट ऐकायला भक्कम वाटते, पण दुसरा माणूस किती दिवसांत देणार ते करारात कोठेही नव्हते. आमचा पहिला निवडलेला इलेक्ट्रिशियन दोन महिन्यांच्या आत गेला आणि रिप्लेसमेंटची मागणी नव्या, शुल्क देणाऱ्या मागण्यांच्या मागे पडत गेली. विनाशुल्क काम मागे पडणे हे व्यवहारात घडते, म्हणूनच ते करारात बांधून घ्यावे लागते. या सेवेविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

उमेदवारांशी त्यांचे वागणे कसे आहे, हा माझ्या दृष्टीने शुल्काइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. नोकरी शोधणाऱ्याकडून ते एक रुपयाही घेत नाहीत, याची मी उमेदवारांकडूनच खात्री करून घेतली. शहरात नोंदणी, फॉर्म, प्रशिक्षण अशा नावांनी तरुणांकडून पैसे उकळणारे लोक असताना ही बाब मोठी आहे. पण निवड न झालेल्या उमेदवाराला ते काहीच कळवत नाहीत. ट्रायल देऊन गेलेला वर्ध्याचा एक मुलगा आमच्याकडून फोन येईल म्हणून दुसऱ्या ठिकाणची संधी थांबवून बसला होता आणि शेवटी त्याने थेट मला फोन केला. कारखान्याची जागा रिकामी राहते तसेच माणसाचे दिवसही रिकामे जातात, आणि ‘तुमची निवड झाली नाही’ एवढा एक संदेश पाठवायला काही खर्च येत नाही. मी हे व्यवस्थापिकेच्या कानावर घातले आहे. सुधारणा झाली असे अजून तरी दिसलेले नाही.

पर्यायांविषयी थोडक्यात. राज्य सरकारचे महास्वयम आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही पोर्टल मालकासाठी विनामूल्य आहेत, आणि 1959 च्या रिक्त पदे अधिसूचित करण्याच्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवरही ठरावीक जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घातले होते. मात्र माणूस त्यांच्याच यादीतून घेण्याची सक्ती त्या कायद्यात नव्हती. दीर्घ मुदतीचा सर्वांत चांगला मार्ग शिकाऊ उमेदवारांचा आहे. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, पण बरेच कारखाने तो आकडा भरण्यापुरतेच त्याकडे पाहतात. श्रद्धानंदपेठेतील शासकीय आयटीआयमधून आलेला टर्नर किंवा मशीनिस्ट आपल्याच मशीनवर वर्षभर शिकला, तर त्याची ट्रायल त्या वर्षातच होऊन गेलेली असते आणि नोटीस पिरियडचा प्रश्नच येत नाही. प्लेसमेंट सेवा जो काळ आठवड्यांनी कमी करते तो या वाटेने जवळजवळ नाहीसा होतो. फक्त त्यासाठी जागा रिकामी होण्याच्या वर्षभर आधी तयारी करावी लागते. ज्या पदावर दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्या पदासाठी तरी हे करायलाच हवे.

आम्ही या सेवेशी करार पुढच्या वर्षासाठी चालू ठेवला आहे, तो चार बदलांसह. प्रत्येक मागणीपत्रावर जागा कधी रिकामी झाली, उमेदवार कधी रुजू झाला आणि एकट्याने काम कधी पाहू लागला, या तारखा दोघांच्या सहीने नोंदवायच्या. दर तिमाहीला न भरलेल्या जागांसह पूर्ण यादी द्यायची. रिप्लेसमेंटला तीन आठवड्यांची मुदत, आणि ती चुकल्यास उरलेल्या शुल्कात कपात. हेल्परच्या जागा करारातून वगळल्या आहेत. आमच्या बाजूने, मागणी नोंदवण्याआधीच पगाराची कमाल मर्यादा व्यवस्थापनाकडून लेखी घेऊन ठेवण्याचे आम्ही मान्य केले आहे, कारण उमेदवार पसंत पडल्यावर मंजुरीसाठी फाइल फिरू लागली की तो तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

इलेक्ट्रिशियनची जागा हे लिहीपर्यंत रिकामी आहे. आम्हाला सुपरवायझर परवाना असलेला आणि पीएलसीची (मशीनचे स्वयंचलित नियंत्रण करणाऱ्या संगणकाची) जाण असलेला माणूस हवा आहे, आणि सेवेने मागच्या पंधरवड्यात लेखी कळवले आहे की या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत असा माणूस नागपूर परिसरात आमच्या पगारात येणार नाही. एक तर पगार वाढवा, नाही तर परवानाधारक माणूस घेऊन पीएलसीचे प्रशिक्षण स्वतः द्या. मागणी घेतली त्या दिवशीच हे सांगितले असते तर अधिक बरे झाले असते, पण आमच्या मागणीला खोटी आशा न दाखवता त्यांनी हे लिहून दिले, याची नोंद येथे करायलाच हवी. ते पत्र व्यवस्थापनापुढे ठेवले आहे आणि मी दुसऱ्या पर्यायाची शिफारस केली आहे. तोपर्यंत बाहेरचा कंत्राटी इलेक्ट्रिशियन आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो, आणि त्याचे बिल मी या जागेच्या खर्चात स्वतंत्र ओळीवर लिहून ठेवतो.